रिकव्हरी शॅकल माउंट, पुढची जोडी – प्रकल्प नोंदी

६ नोव्हेंबर

बंपर उतरवला आणि गाडीबरोबर आलेले जुने टॅब उजेडात नीट बघितले. टॅब म्हणजे भोक असलेली प्लेट, तिच्यात शॅकल (पिनने बंद होणारं यू आकाराचं लोखंडी कडं) अडकवून रुतलेली गाडी ओढून काढायची, त्यालाच रिकव्हरी म्हणतात. १२ मिलीमीटरची प्लेट, ती बंपरच्या ५ मिलीमीटर पत्र्याला पुढून टेकवून चारी बाजूंनी वेल्डचा एकेक रन (थर) मारलाय, पत्र्याच्या मागे काहीच नाही. म्हणजे ओढताना सगळा जोर आधी त्या वेल्डवर, मग पत्र्यावर, मग पत्रा ज्या चार बोल्टवर लटकलाय त्यांच्यावर, आणि सगळ्यात शेवटी चेसिसवर. रंग खरवडला तर डाव्या टॅबच्या वेल्डच्या टोकाला केसाएवढी चीर निघाली, पत्र्यातच, वेल्डच्या अगदी कडेला. प्लेट ठणठणीत आहे, पत्रा थकलाय.

बरेच जण माउंट म्हटलं की किती जाडीची प्लेट एवढंच विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न हा पाहिजे की शॅकलच्या पिनपासून चेसिसपर्यंत जोर कुठल्या वाटेने जातो आणि त्या वाटेत सगळ्यात नाजूक जागा कुठली. हे पूर्ण काम त्या एका प्रश्नावर करायचं ठरवलंय, जुने टॅब दुरुस्त करायचे नाहीत, कापून टाकायचे.

आणि हे पण लिहून ठेवतो, कारण कोणीतरी वाचेल. टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा) हा रिकव्हरी पॉइंट नाही. त्याची मान तुटली की तो गोळा रोपच्या ताणासकट उडतो आणि अशा अपघातात माणसं गेलेली आहेत. कंपनीने पुढे दिलेले बारीक कडे पण बहुतेक वेळा ट्रकवर किंवा जहाजात गाडी बांधायला असतात, चिखलातून उपसायला नाही.

८ नोव्हेंबर

आज फक्त कागद आणि कॅल्क्युलेटर.

गाडी सामानासकट २६०० किलो धरली. अडकलेल्या गाडीसाठी जुना रिकव्हरीचा ठोकताळा असा की चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या वजनाइतका प्रतिकार, फेंडरपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. तिप्पट म्हणजे ७.८ टन, आणि वर चढ असेल तर अजून. म्हणून एका माउंटने एकट्याने १० टन झेलायचे आणि त्यात कायमचं वाकायचं नाही, हे डिझाइनचं लोड धरलं. २२ मिलीमीटरचा कायनेटिक रोप (ताणला जाऊन झटका पचवणारी दोरी) साधारण १३ टनाला तुटतो, तर तिथपर्यंत माउंट गाडीला धरून राहिला पाहिजे, म्हणजे काही तुटलंच तर दोरी तुटावी, लोखंड उडू नये.

झटक्याचा हिशोब मुद्दाम करून बघितला, कारण लोक साखळीने झटके मारतात ते बघून माझ्या पोटात गोळा येतो. ओढणारी गाडी पण २६०० किलोची आणि ताशी १५ किलोमीटरने निघाली तर तिच्यात साधारण २२,५०० जूल ऊर्जा असते. ९ मीटरचा कायनेटिक रोप २० टक्के ताणला म्हणजे १.८ मीटर, स्प्रिंगसारखा धरला तर त्याचा सर्वात जास्त ताण येतो अडीच टनाच्या आसपास. आता तीच गाडी, तोच वेग, पण मधे साखळी, आणि सगळं मिळून फक्त १० सेंटिमीटर ताणलं गेलं असं धरा, तर ४६ टन. सेहेचाळीस! अर्थात एवढा ताण यायच्या आधीच काहीतरी तुटतं, आणि जे तुटतं ते काच फोडून आत येतं. म्हणजे १० टनाचा माउंट बनवला म्हणून झटक्याला साखळी लावायची मुभा मिळत नाही, कुठलाच माउंट त्याला पुरत नाही. साखळी फक्त सावकाश, ताण आधी घेऊन ओढायला.

शॅकल ३/४ इंची बो शॅकल, बो म्हणजे त्याचा गोल फुगीर भाग. वर्किंग लोड, म्हणजे वापरताना चालणारा भार, ४.७५ टन, पिन ७/८ म्हणजे २२ मिलीमीटर, जबड्याची आतली रुंदी सव्वा इंच म्हणजे जवळपास ३२ मिलीमीटर. चांगल्या कंपनीच्या शॅकलला तुटायची ताकद वर्किंग लोडच्या सहापट असते, तेव्हा साखळदंडातला हा दुवा मला घाबरवत नाही. पण वर्किंग लोडचा आकडा आणि कंपनीचा शिक्का अंगावर उठावदार नसेल तर ते शॅकल दागिना म्हणून लावा, ओढायला नाही.

११ नोव्हेंबर

प्लेट ठरली. २५ मिलीमीटर, साधं माइल्ड स्टील, २५० यील्डचं, म्हणजे २५० मेगापास्कल ताणाला ते कायमचं वाकायला लागतं. यापेक्षा कडक स्टील घ्यायचा मोह होतो पण मला तुटण्याआधी वाकणारा माल हवाय, आणि वेल्डिंगलाही हा साधा माल समजूतदार आहे. ३२ च्या जबड्यात २५ ची प्लेट म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन मिलीमीटर जागा, तिथे ३ मिलीमीटरचे नायलॉन वॉशर येतील म्हणजे शॅकल खडखडणार नाही आणि पिनच्या मधोमध राहील.

मुख्य निर्णय हा की डोळा असलेली प्लेट आणि चेसिसला बसणारी प्लेट वेगळी नाहीच. एकच अखंड प्लेट, चेसिस रेलच्या बाहेरच्या बाजूला आरपार बोल्टने बसणार, तिथून पुढे बंपरच्या खाचेतून बाहेर येणार आणि पुढच्या टोकाला शॅकलचं भोक. सरळ ओढीत जोर पिनमधून प्लेटमध्ये, प्लेटमधून बोल्टवर, बोल्टवरून रेलवर. या वाटेत वेल्ड नाही. बंपर तिच्यावर वेल्ड होणार पण तो आडव्या ओढीला आधार द्यायला. लांबी ४२० मिलीमीटर, पुढचा १४० चा भाग १२० उंचीचा, मागचा रेलवरचा भाग ९० उंचीचा. एकेक प्लेट आठेक किलो भरते, पुढच्या अ‍ॅक्सलवर सोळा किलो वाढले, ते मला मान्य आहेत.

भोक २४ मिलीमीटर, भोकाच्या कडेपासून प्लेटच्या कडेपर्यंत सगळीकडे कमीत कमी ३० मिलीमीटर माल. पिन प्लेट फाडून पुढे निघायची तर दोन रेषांवर कापावं लागणार, २ गुणिले २५ गुणिले ३०, दीड हजार चौरस मिलीमीटर, शिअरमध्ये (कातरल्यासारख्या जोरात) यील्ड २५० च्या ०.५८ पट, म्हणजे २२ टनाला तिथे काही व्हायला सुरुवात होईल. भोकाच्या वरखाली उरलेला माल सरळ ताणात ३८ टन. पिन भोकात दाबली जाऊन भोक लंबगोल व्हायला लागेल साधारण १४ टनाला, आणि ते झालं तरी प्लेट सुटत नाही, डोळ्याला दिसतं, मग बदलायची. अशीच निकामी होण्याची पद्धत मला आवडते.

१२ नोव्हेंबर

काल सरळ ओढीचं झालं, आज आडव्या ओढीचं, आणि खरी गोम इथेच आहे. प्रत्यक्षात गाडी अडकते तेव्हा समोर बरोबर नाकासमोर दुसरी गाडी किंवा झाड असतंच असं नाही.

१० टन ४५ अंशात ओढले तर सात टनांच्या वर जोर नुसता आडवा येतो. भोकाच्या मध्यापासून बंपरच्या तोंडापर्यंत ४५ मिलीमीटर अंतर धरलं होतं. १२० उंचीच्या, २५ जाडीच्या मुळाशी त्याने २४९ मेगापास्कल वाकवण्याचा ताण येतो आणि सरळ ताणाचे २३ वर, म्हणजे २७२. प्लेटचं यील्ड २५०. सरळ ओढीत २२ टनाला हसणारी प्लेट तिरक्या १० टनाला वाकते!

उपाय दोन होते, प्लेट अजून जाड करणं (जबड्यात बसत नाही) किंवा हात, म्हणजे भोकापासून आधारापर्यंतचं अंतर, छोटा करणं. बंपरच्या तोंडावर प्लेटभोवती १२ मिलीमीटर जाडीची कॉलर लावायची, १६० बाय ९० ची, मधे खाच. त्याने ४५ चा हात ३३ वर येतो आणि ताण २०६ वर. शॅकलचे कान फिरायला तरी जागा उरते का तर उरते, साधारण ९ मिलीमीटर, पुठ्ठ्याचा नमुना कापून शॅकल त्यात फिरवून बघितलं. बंपरच्या आतल्या बाजूला पण तशीच कॉलर, म्हणजे प्लेट दोन ठिकाणी धरली जाते आणि बंपरचा पत्रा एकट्याने पिळला जात नाही.

शॅकलचं पण तेच, ४५ अंशात बाजूला ओढलं तर वर्किंग लोड ७० टक्के धरायचा आणि ९० अंशात निम्मा. ४.७५ चं शॅकल तिरक्या ओढीत ३.३ टनाचं होतं. हे खूप कमी लोक लक्षात घेतात.

१६ नोव्हेंबर

प्लेटा कापून आल्या. बाहेरचा आकार गॅस कटरने कापलाय पण भोक कापू दिलं नाही, ते मी स्वतः ड्रिल करणार. गॅसने कापलेल्या भोकाला आतून बारीक खाचा राहतात आणि कड कडक होते, बरोबर जिथे पिन दाबते आणि सगळ्यात जास्त ताण असतो तिथेच चीर सुरू व्हायचं आमंत्रण.

मॅग्नेटिक ड्रिल आणि २४ चा अ‍ॅन्युलर कटर (फक्त कडेने कापणारा पोकळ कटर), साडेतीनशेच्या आसपास आरपीएम, कूलंट सोडत सावकाश दाब. मधला गोळा अखंड निघाला, हातात धरवत नव्हता इतका गरम. भोकाच्या दोन्ही कडांना एक मिलीमीटर चॅम्फर (तिरका उतार), त्याहून जास्त नाही, नाहीतर पिनला टेकायला माल कमी होतो. बाहेरच्या कडा मात्र फ्लॅप डिस्कने चांगल्या ६ मिलीमीटरच्या गोल केल्या, कारण पट्टा कधीतरी घासणारच. आणि गॅसने कापलेल्या कडांवरचा निळसर कडक थर ग्राइंडरने मिलीमीटर-दीड मिलीमीटर खाऊन टाकला, रेघा सगळ्या प्लेटच्या लांबीच्या दिशेने, आडव्या नाहीत. आडवी रेघ म्हणजे ताणाला आडवी खाच. यात वेळ जातो, हात भरून येतात, पण कड गुळगुळीत झाली की बोट फिरवून जे समाधान मिळतं ते वेगळंच.

१७ नोव्हेंबर

सॉफ्ट शॅकल, म्हणजे दोरीचं शॅकल, वापरायचं असेल तर हे भोक चालणार नाही, हे आत्ताच स्पष्ट करून ठेवतो. दोरीचं शॅकल १ मिलीमीटर चॅम्फरच्या कडेवरून वळलं की तिथे कापलं जातं, त्याला भोकच पूर्ण गोलाईचं लागतं, आणि तसं केलं की २२ च्या पिनला नीट बैठक राहत नाही. एका भोकाने दोन्ही कामं करायला जाऊ नये असं माझं मत. माझ्याकडे सॉफ्ट शॅकल आहे, ते लोखंडी शॅकलच्या बो मधून ओवायचं.

२१ नोव्हेंबर

चेसिस रेल. आमची रेल बंद पेटीची आहे, भिंत ३ मिलीमीटर, रुंदी ६०. इथे सगळ्यात नाजूक दुवा सापडला, आणि तो बोल्ट नाही. १०.९ ग्रेडचा एम १२ बोल्ट, शिअर जिथे येतो तिथे आटे नसून पूर्ण शँक (बोल्टचा गुळगुळीत दांडा) असेल तर सहा मिळून ३६ टनापर्यंत यील्ड होत नाहीत. पण त्या १२ च्या बोल्टला टेकायला रेलची भिंत फक्त ३ मिलीमीटर, आणि ती २५० ची धरली तर एका बोल्टमागे टनाला थोडाच कमी भार आणि भोक लांबायला लागलं! प्लेट बाहेरच्या भिंतीलाच टेकलेली, सहा मिळून साडेपाच टन. बरेच ताकदवान दिसणारे माउंट नेमके इथे मार खातात, प्लेट शाबूत, बोल्ट शाबूत, रेलची भोकं लांबट.

म्हणून स्लीव्ह, म्हणजे बोल्टभोवतीची नळी. बाहेरून २० मिलीमीटर, आतून साडेबारा, रेलच्या रुंदीइतक्या लांब, दोन्ही भिंतींना २० चं भोक पाडून आरपार घालायच्या आणि दोन्ही बाजूंना वेल्ड. आता भार १२ च्या ऐवजी २० च्या रुंदीवर आणि एका भिंतीऐवजी दोन भिंतींवर जातो, सहा मिळून १८ टन. आणि दुसरा फायदा तेवढाच मोठा, बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळला तरी पेटी चेपत नाही. स्लीव्ह नसेल तर बंद रेलवर आवळलेला बोल्ट आज घट्ट आणि महिनाभराने सैल, कारण पत्रा आत बसत जातो.

सहा भोकं नागमोडी, लांबीत ४५ आणि उंचीत ४० चं अंतर, म्हणजे तिरकं अंतर ६०, स्लीव्हच्या तिप्पट. रेलच्या वरच्या-खालच्या पाटाला हात लावला नाही, भोकं फक्त उभ्या भिंतीत.

एक गोष्ट ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांच्यासाठी. रेलच्या पुढच्या टोकाला मुद्दाम दिलेल्या घड्या किंवा भोकं असतात, धडकेत तिथे रेल चुरगळावी म्हणून. त्यावरून जाड प्लेट मारली की धडकेचं गणित आणि एअरबॅग उघडायची वेळ दोन्ही बदलू शकतात. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि रेल सरळ आहे. नवीन गाडीला ही पद्धत जशीच्या तशी उचलू नका, त्या गाडीसाठीच तपासून बनवलेले माउंट घ्या.

२३ नोव्हेंबर

स्लीव्हचं वेल्डिंग गाडीवरच. बॅटरीच्या दोन्ही केबल काढल्या, अर्थ क्लॅम्प रेलवरच, वेल्डपासून वीतभर अंतरावर, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा वायरिंगमधून फिरून येणार नाही. डाव्या रेलच्या आतल्या बाजूने ब्रेक पाइप जातो तो क्लिपा काढून बाजूला बांधला आणि ओलं जाड कापड लावलं. अग्निशामक सिलिंडर हाताशी.

३ मिलीमीटरच्या भिंतीवर मिगने छोटे छोटे टप्पे, एका स्लीव्हवर थोडं मारून लांबच्या स्लीव्हवर जायचं, रेल एका जागी तापू द्यायची नाही. वेल्ड बाहेर आलेला ग्राइंड करून भिंतीशी सपाट केला, कारण प्लेट पूर्ण टेकली पाहिजे. स्टीलची पट्टी आडवी धरून मागून टॉर्च मारला, उजेडाची फट नाही.

पेटीच्या आतला रंग वेल्डच्या उष्णतेने जळतोच आणि तिथूनच गंज सुरू होतो, बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही. रंगकाम झाल्यावर आत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स मारायचंय, हे विसरू नये म्हणून इथे ठळक लिहितोय.

२८ नोव्हेंबर

बंपर बसवून बघितला. दोन्ही प्लेटा आधी रेलवर बोल्ट करून पूर्ण आवळल्या, बंपर पुढून सरकवला, खाचा फाइलने मारून मारून प्लेटभोवती अर्ध्या मिलीमीटरवर आणल्या. दोन्ही भोकांतून एकच २२ चा सरळ रॉड ओवला, तो हाताने फिरला म्हणजे दोन्ही डोळे एका रेषेत. कर्ण मोजले, दोन मिलीमीटरचा फरक, चालेल. मग कॉलर सरकवून टॅक, म्हणजे जागेवर धरायला वेल्डचे छोटे ठिपके.

टॅक झाल्यावर अख्खं एकत्र उतरवलं. प्लेटांच्या मागच्या टोकांना, रेलमधल्या अंतराइतका जाड अँगल बोल्ट करून ठेवला. वेल्ड थंड होताना खेचतो, आणि अँगल नसता तर मागची टोकं आत आली असती आणि प्लेटा परत रेलवर बसल्याच नसत्या.

३० नोव्हेंबर

जाड वेल्ड काकांकडून. हे आयुष्यभर प्रेशरच्या पाइपांवर काम केलेले वेल्डर आहेत आणि माझ्यापेक्षा त्यांचा हात शंभर पटीने चांगला, अशा ठिकाणी मी पुढे होत नाही. मी ग्राइंडर, ब्रश आणि टॉर्च धरायला.

त्यांनी आल्याआल्या पहिलं विचारलं, "रॉड कुठे ठेवलेत?" ओव्हनमध्ये, म्हटलं, १२० वर. "मग ठीक. ७०१८ ओला असेल तर मी हात लावणार नाही बघ." ७०१८ हा वेल्डिंग रॉडचा प्रकार. कारण ओल म्हणजे हायड्रोजन आणि जाड प्लेटमध्ये हायड्रोजन अडकला की वेल्डच्या शेजारी चीर पडते, तीही कधीकधी दुसऱ्या दिवशी, सगळं थंड झाल्यावर.

मिल स्केल (नव्या प्लेटवरचा काळा थर) आधीच घासून चकचकीत केलं होतं. टॉर्चने प्लेट शंभरेक अंशापर्यंत गरम केली, तापमानाचा खडू ओढून बघितला. पहिला रन ३.१५ च्या रॉडने, १२० अँपिअरच्या आसपास, कॉलर आणि प्लेटच्या कोपऱ्यात खोल. मग स्लॅग ठोकून, ब्रश मारून, वरून ४ च्या रॉडने दोन रन, ८ मिलीमीटरचा पाय. हिशोबाने ८ च्या फिलेटचा (कोपऱ्यातल्या त्रिकोणी वेल्डचा) घसा, म्हणजे सगळ्यात कमी जाडी, ५.६६, रॉडच्या ताकदीच्या ०.३ पटच धरली तरी मिलीमीटरमागे साधारण ८३ किलो, आणि एका कॉलरला दोन्ही बाजू मिळून २४० मिलीमीटर, म्हणजे जवळजवळ २० टन. भरपूर.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, कॉलरचा वेल्ड प्लेटच्या दोन सपाट बाजूंवरच आहे, वरच्या आणि खालच्या कडेवर नेला नाही, कडेच्या थोडं आधी थांबवून रॉड मागे वळवून क्रेटर (रनच्या टोकाला राहणारा खळगा) भरून उचलला. प्लेट ताणात असते, कडेवर वेल्डचा अंडरकट (वेल्डशेजारी वितळून पडलेली चर) पडला की तीच खाच. उरलेली फट नंतर सीलंटने भरायची. वेल्ड दिसायला चारी बाजूंनी बंद छान दिसतो हे खरं, पण मला दिसण्यापेक्षा ती कड स्वच्छ हवी.

झाल्यावर अख्खं जाड कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं, सावकाश थंड होऊ दे. पाणी अजिबात नाही.

२ डिसेंबर

डाय पेनिट्रंट, म्हणजे रंग मुरवून चिरा शोधायची तपासणी. मुद्दाम मधे एक पूर्ण दिवस जाऊ दिला. क्लीनरने पुसलं, लाल डाय मारला, पंधरा मिनिटं थांबलो, मग कापडाने पुसलं (क्लीनर थेट वेल्डवर मारायचा नाही, कापडावर मारायचा, नाहीतर चिरेतला डायच धुऊन निघतो), आणि वर पांढरा डेव्हलपर. पांढऱ्यावर लाल रेघ उमटली तर चीर.

उजव्या बाजूच्या आतल्या कॉलरला एका रनच्या शेवटी, क्रेटरमध्ये, चांदणीसारखी बारीक लाल खूण आली. तेवढाच भाग ग्राइंड केला, परत डाय मारून चीर पूर्ण गेली याची खात्री केली, गरम करून काकांनी परत भरलं. बाकी सगळं पांढरंच पांढरं. या डब्यांचा खर्च वाचवायच्या भानगडीत पडू नका, नुसत्या डोळ्याने ती चांदणी मला दिसली नसती.

७ डिसेंबर

रंग. झिंकवाला प्रायमर, वर दोन हात काळा. प्लेट आणि रेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे फक्त प्रायमरचा पातळ हात, जाड रंग नाही, कारण जाड रंग बोल्टखाली दबत जातो आणि आवळलेला ताण सुटतो. भोकाच्या आत पण फक्त प्रायमर. कॅव्हिटी वॅक्स मारलं.

बोल्ट नवीन, कडक वॉशर दोन्हीकडे, टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटर, आधी सगळे अर्ध्यावर, मग मधल्यापासून बाहेर पूर्ण. या टॉर्कला एक बोल्ट साधारण पाच टनाने दाबून धरतो, घर्षण ०.२ धरलं तर सहा बोल्ट मिळून सहा टनापर्यंत प्लेट रेलवर सरकतच नाही. त्याच्या वर गेलं तर अर्धा मिलीमीटर सरकून बोल्ट भोकाला टेकतील आणि मग शिअरचं गणित सुरू. म्हणजे रोजच्या ओढीत सांधा हलणारच नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून प्लेटपर्यंत पिवळ्या पेंटची रेघ, आणि प्लेट-रेलच्या सांध्यावर सुईने ओरखडलेली एक आडवी रेघ, सरकलं तर तुटलेली दिसेल.

१० डिसेंबर

लोड टेस्ट. गाडीची मागची बाजू काँक्रीटमधल्या अँकरला बांधली, समोर विंचवाली दुसरी गाडी, तीही मागून बांधलेली. विंच १२,००० पौंडाची, म्हणजे ड्रमच्या पहिल्या थरावर ५.४ टन, म्हणून माझ्या माउंटवर स्नॅच ब्लॉक (दोरी वळवायची कप्पी) लावून दोरी परत विंचच्या गाडीकडे नेली, माउंटवर जवळपास दुप्पट येतं. ब्लॉक आणि शॅकलच्या मधे लोड सेल (ताण मोजणारा काटा). टेस्टसाठी त्याच ३/४ मापाचं अलॉयचं, ७ टन वर्किंग लोडचं शॅकल लावलं, कारण टेस्टमध्ये शॅकलच मर्यादेबाहेर नेऊन काय साधणार. दोरीवर ओलं गोणपाट, रिमोटची वायर लांब, माणसं सगळी दोरीच्या लांबीच्या बाहेर आणि बाजूला, रेषेत कोणी नाही.

२ टन, थांबलो, बघितलं. ४ टन, थांबलो. ६ टनाला पाच मिनिटं धरून ठेवलं. गाडीच्या बॉडीतून कुरकुर ऐकू आली, माउंटकडून काही नाही. सोडल्यावर ओरखड्याची रेघ अखंड, म्हणजे सांधा सरकला नाही, कागदावर जे आलं होतं तेच. भोक व्हर्निअरने चारी दिशांना २४, पहिल्यासारखंच.

मग ४५ अंश, ४ टन, डायल गेज डोळ्याच्या बाजूला लावून. काटा एक मिलीमीटरच्या आतच थांबला आणि सोडल्यावर शून्यावर आला. तो शून्यावर आला तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या. हात छोटा करायला कॉलर लावली नसती तर आज काय वाचलं असतं कोण जाणे. दुसऱ्या बाजूच्या माउंटला पण हेच सगळं, तेच निकाल. नंतर वेल्डवर परत डाय, काही नाही.

१३ डिसेंबर

ब्रायडलबद्दल (दोन्ही माउंटना जोडणारा दोन फाट्यांचा पट्टा), कारण दोन माउंट आहेत तर जोर दोघांत वाटायचाच. पट्ट्याच्या दोन फाट्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येकावर एकूण ओढीच्या ५८ टक्के येतात, ९० असेल तर ७१, आणि १२० झाला तर प्रत्येकावर पूर्णच्या पूर्ण, म्हणजे वाटून काही फायदाच उरला नाही, वर दोन्ही डोळे आत ओढले जातात ते वेगळं. आमच्या डोळ्यांमधलं अंतर ८० सेंटिमीटर, एकेक फाटा २.४ मीटरचा घेतला तर कोन २० अंशाच्या आत राहतो. आखूड पट्टा सोयीचा वाटतो पण घेऊ नका.

वापरताना पिन माउंटमध्ये, पट्टा बो मध्ये, उलटं नाही. पिन पूर्ण बसवून मग पाव आटा मागे, ओढीनंतर हाताने उघडते. आणि शॅकलला शॅकल जोडून दोन रोप लांब करायचे नाहीत, तुटलं तर किलोभराचं लोखंड हवेत.

१८ डिसेंबर

पहिल्यांदा खऱ्या कामाला लागले. दुसरी गाडी वाळूत पोटापर्यंत बसली होती, कायनेटिक रोपने सावकाश ओढून काढली, ब्रायडल लावून. परत आल्यावर बारा बोल्टच्या पिवळ्या रेघा तपासल्या, सगळ्या जुळलेल्या, तरी पान्याने परत १२० ला बघितले, एकही हलला नाही. नायलॉनचा एक वॉशर वाळूने खरवडला गेलाय, तो बदलायचा. प्लेटच्या वरच्या कडेला पट्ट्याने रंग घासलाय तिथे प्रायमरचा हात.

आता मागची जोडी. मागे रेल उघड्या सी आकाराची आहे, बंद पेटी नाही, त्यामुळे स्लीव्हची हीच युक्ती चालणार नाही. आतून जाड बॅकिंग प्लेट आणि दोन्ही रेल जोडणारा आडवा पाइप असा विचार चाललाय. डिझेलची टाकी उजव्या रेलच्या अगदी जवळ आहे, तिथे वेल्डिंग करायचंच नाही, सगळं बोल्टने. रेलची मापं घेतलीत, आधी भिंतीची जाडी नीट मोजून मग हिशोबाला बसतो.